कमरेतल्या सुईची बाई

मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. १९९८ साली रत्नागिरीत मी भूल द्यायला लागले. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून गावोगावच्या माणसांच्या कमरेत सुया गेल्या आणि त्यातल्या बहुतेकांनी टाके निघायच्या आत मला विसरून टाकलं. ज्यांना मी आठवले, त्यांना पाठ दुखल्यावर आठवले. ऑपरेशन कुणी केलं, असं कुणालाही विचारा, डॉक्टरचं नाव, गाव, स्वभाव सगळं सांगतील. भूल कुणी दिली? तर "होती एक बाई." अशा धंद्यात आयुष्य काढून जी जळत नसेल ती संत म्हणायची. मी सांगलीची, लग्न होऊन रत्नागिरीत आलेली साधी बाई.

मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेले की माझी ओपीडी तिथेच भरायची. एक मासेवाली मला लांबून ओळखायची आणि मोठ्याने हाक मारायची.

"बाय, तुमीच ना त्या कमरेत सुय मारनाऱ्या? माज्या धाकट्याच्या टायमाला मारलीत, तवापासून कंबर धरलीय ती धरलीच बगा."

"धाकटा केवढा झाला आता?"

"धाव्वीला हाय."

"आणि ही माशांची पाटी कोण उचलतं रोज?"

"कोन उचलनार? मीच."

"मग पाटीने नाही होय दुखत कंबर?"

"पाटी काय आज उचलतेय? आईच्या मागून फिरत होते तवापासून उचलतेय. सुयच बाधली ती." एवढं बोलून तिने मला बांगडे घातले, ते घरी येऊन पाहिले तर मऊ पडलेले.

सुईने पाठ दुखत नाही. सुईचं भोक ते केवढं, काही दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही. बाळंतपणात कमरेचे सांधे आणि बंध सैल होतात, पोटाचं ओझं कणा पुढे ओढतं आणि घरी गेल्यावर ती बाई वाकून लादी पुसायला लागते. पाठ त्याने दुखते. पण लादीला नावं ठेवून काय उपयोग? नावं ठेवायला माणूस लागतो, आणि मी आयती होते.

ही सुई जाते कुठे, ते थोडं सांगते. पाठीचा कणा म्हणजे एक अखंड हाड नसतं. मणक्यावर मणका रचलेला असतो, दोन मणक्यांमध्ये एक मऊ चकती असते, आणि प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूला एक कडं असतं. ही कडी एकाखाली एक आली की वरपासून खालपर्यंत एक नळी तयार होते. या नळीतून मेंदूची शेपटी खाली उतरते, तिला आम्ही मज्जारज्जू म्हणतो. हात हलवणं, पाय हलवणं, चिमटा कळणं, लघवी कळणं, सगळा कारभार तिच्यातून चालतो. तिला धक्का लागला तर माणूस कायमचा पांगळा. पण देवाने एक सोय करून ठेवली आहे. कणा जातो थेट माकडहाडापर्यंत, पण मज्जारज्जू मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. तिथून खाली नुसते नसांचे धागे सुटतात, घोड्याच्या शेपटीसारखे, आणि ते एका स्वच्छ पाण्यात तरंगत असतात. तिथे सुई गेली तर धागे आपले बाजूला होतात. आमचं सगळं शास्त्र त्या पाण्यापर्यंत पोचण्याचं.

ती जागा डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही हात पेशंटच्या कमरेच्या हाडांवर ठेवायचे आणि अंगठे मधे आणायचे. ते जिथे भेटतात तिथे साधारण चौथा मणका. त्याच्या वरच्या फटीत सुई घालायची. कातडी, चरबी, मग एक चिवट बंध, मग आणखी एक, पिवळा, आणि मग हाताला एकदम काहीतरी सुटल्याचं कळतं. सुईतली तार काढली की मागून पाण्याचा थेंब येतो, अगदी नितळ. तो थेंब दिसला की मला दरवेळी बरं वाटायचं, पहिल्या दिवशी वाटलं तेवढंच शेवटच्या दिवशी. औषध घातलं की पाय गरम होतात, जड होतात, मग आपले राहत नाहीत. स्पिरिटचा बोळा खालून वर फिरवत विचारायचं, गार लागतंय का? बेंबीच्या वरपर्यंत गार लागेनासं झालं की सर्जनला सांगायचं, चालू करा.

त्यानंतर माझी जागा उशाशी. पेशंट जागा असतो. त्याच्या छातीवर हिरवा पडदा आडवा टाकलेला असतो. पलीकडे त्याचं पोट उघडलेलं असतं आणि अलीकडे तो छताकडे बघत घाबरलेला असतो. एक डोळा ब्लडप्रेशरवर ठेवून त्याच्याशी बोलत राहायचं. "झालंच हं. सगळं छान चाललंय. पाच मिनिटं फक्त." पाच मिनिटांत कधीच होत नसतं आणि कधीकधी छानही चाललेलं नसतं. पण माणूस घाबरला की नाडी पळते, म्हणून गोड खोटं बोलणं हे आमच्या औषधांपैकीच एक.

सुई घालताना पाठ बाहेरच्या बाजूला वाकवावी लागते, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात. पोट आत, हनुवटी छातीला, पाय पोटाशी. एकदा पावसकडचे एक मोठे बागायतदार हर्नियाच्या ऑपरेशनला आले. तात्या म्हणत त्यांना. टेबलावर ताठ बसले.

"तात्या, वाका जरा."

"मी आयुष्यात कोणापुढे वाकलेलो नाही."

"माझ्यापुढे कुठे? पाठ माझ्याकडे आहे तुमची. समोर भिंत आहे."

"भिंतीपुढे तरी का वाकू?"

मदतीला उभी असलेली साळवी सिस्टर तोंडावर हात धरून बाहेर गेली. शेवटी मी त्यांना विचारलं, कलमांना खत कोण घालतं? म्हणाले, गडी घालतात, पण आळं बरोबर केलंय की नाही ते मी स्वतः बघतो. म्हटलं, मग दाखवा बघू कसं बघता. तात्या जे मन लावून वाकले, की मला मधली फट न शोधता सापडली. जाताना त्यांनी सर्जनला आंब्याची पेटी पाठवली. मला निरोप पाठवला, की आळं बघायची ती युक्ती कोणाला सांगू नका.

रत्नागिरीत माझं असं एक हॉस्पिटल नव्हतं. तेव्हा छोटी छोटी खाजगी हॉस्पिटलं होती आणि भूल द्यायला बाहेरून माणूस बोलवायचे. फोन आला की स्कूटीवर बॅग अडकवायची आणि निघायचं. सकाळी एकीकडे अपेंडिक्स, दुपारी दुसरीकडे सिझेरियन. सगळ्यांत जास्त बोलावणं यायचं मैथिलीकडून.

मैथिली बायकांची डॉक्टर. रत्नागिरीचीच, माझ्याच वयाची, त्याच वर्षी तिने स्वतःचं हॉस्पिटल काढलं. गोरी, ठसठशीत, आवाज असा की दुखणाऱ्या बाईला तो ऐकूनच अर्धं बरं वाटावं. माझं पहिलं सिझेरियन तिच्याकडे आणि तिचं पहिलं सिझेरियन माझ्या भुलीवर. मैत्रीण होती, एकमेकींच्या घरी जेवणंखाणं होतं, आणि मी तिच्यावर मनापासून जळत होते. दोन्ही एकदम चालतं. बायकांना हे सांगावं लागत नाही.

पेशंटच्या बागेतली आंब्याची पहिली पेटी तिच्याकडे यायची. मग तिच्याकडून अर्धा डझन आंबे कागदात गुंडाळून माझ्याकडे यायचे. वर चिठ्ठी, "आपल्या दोघींच्या पेशंटकडून." मी ते आंबे खायचे आणि प्रत्येक फोडीला मनात तिला नावं ठेवायचे. लोकांनी मुलींची नावं मैथिली ठेवली. आमच्या शेजारच्या बाई शाळेत शिकवायच्या, त्या सांगायच्या, यंदा पहिलीच्या वर्गात तीन मैथिल्या आहेत, हाक मारली की तिघी उठतात. मी माझं नाव घेऊन विचारलं, सुलभा किती? त्या विचार करून म्हणाल्या, सुलभा आता जुनं वाटतं ना.

जयगडकडची शमीम आली तेव्हा मला वाटलं, आता पाळी आपली. शमीमचा कणा लहानपणापासून वाकडा होता. मधून एका बाजूला फुगून परत खाली दुसरीकडे वळलेला. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या दाबलेल्या आणि फुप्फुसाला जागा कमी. नवरा बोटीवर. दिवस राहिले तेव्हा दोन ठिकाणी तिला सांगितलं होतं, की हे आमच्याच्याने होणार नाही. पूर्ण भूल देऊन झोपवावी तर तिची फुप्फुसं साथ देतील याची खात्री नाही. कमरेत सुई द्यावी तर ती कुठे द्यायची? मैथिलीने तिला तपासलं आणि मला फोन केला, "सुलू, हे तुझं काम."

मी शमीमला सातव्या महिन्यापासून दर आठवड्याला बोलवत होते. ती ओढणी घट्ट गुंडाळून यायची. पहिल्यांदा पाठ उघडी करायलाच तयार नव्हती.

"तिकडं कुनी हात लावत नाय माज्या," ती म्हणाली.

"मग मी लावते. गार असतील हं हात."

प्रत्येक वेळी मी तिचे मणके वरपासून खालपर्यंत मोजायचे. मणके नुसते वाकलेले नव्हते, पिळलेले होते. अशा पाठीत सुई सरळ मध्यावरून घालून भागत नाही, फुगीर बाजूकडे कलती करावी लागते. किती कलती, ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. शेवटी शेवटी मला ती पाठ स्वयंपाकघरातल्या फडताळासारखी पाठ झाली, अंधारातही हात बरोबर जावा. सिझेरियनच्या दिवशी दोनदा सुई हाडावर अडली. माझ्या कपाळावरचा घाम साळवी सिस्टर पुसत होती. तिसऱ्या वेळी थेंब आला. औषध मापातच दिलं, थोडं थोडं वर चढू दिलं. शमीम शेवटपर्यंत जागी होती. मुलगी रडली तेव्हा तिने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मी बाहेर आले. बाहेर तिची सासू मैथिलीच्या गळ्यात पडून रडत होती. "काय हात दिलेत अल्लानं तुमाला! बरकत हाय हाताला!" मग माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाली, "नर्सबाय, पोरीला न्हाऊ घातलंव काय?"

मैथिली लगेच म्हणाली, "अहो, ह्या नर्स नाहीत. हिच्यामुळेच झालं सगळं. हिनेच केलं." सासू माझ्याकडे बघून हसली, आणि परत मैथिलीचेच हात धरून बसली. मैथिलीने असं सांगायला नको होतं. तिने गप्प राहून श्रेय घेतलं असतं तर मला निदान तिला मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. ती देणारी झाली आणि मी घेणारी. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

जळायला एक माणूस कमी पडत होता म्हणून की काय, काही वर्षांनी निनाद आला. मुंबईत शिकलेला, उंच, नम्र, सारखं "मॅडम, मॅडम" करणारा तरुण भूलतज्ज्ञ. त्याच्याकडे सुया बारीक होत्या. आमच्या जुन्या जाड सुईने पाण्याभोवतीच्या आवरणाला जे भोक पडतं, त्यातून कधीकधी पाणी झिरपत राहतं आणि पेशंट उठून बसला की डोकं फुटायला येतं. मग झोपून राहा, पाणी प्या, कॉफी प्या. निनादच्या सुईचं टोक पेन्सिलीसारखं होतं. ते आवरण कापायचं नाही, आवरणाचे तंतू बाजूला सारून आत जायचं. त्याचे पेशंट संध्याकाळी उठून चहा प्यायचे. मीही तशाच सुया मागवल्या, पण सांगलीच्या दुकानातून, म्हणजे निनादचं बघून मागवल्या असं इथे कोणी म्हणायला नको.

सुयांचं जमलं. हाताचं काय करणार? निनाद एकदाच टोचायचा. मी लपूनछपून मोजत असे. दोनदा टोचलंय असं व्हायचंच नाही. मैथिली त्यालाही बोलवायला लागली. मी एकीकडे अडकले असेन तर बोलवणं ठीक आहे, पण मी घरी भाजी निवडत बसलेली असतानाही तिच्याकडे निनादची गाडी उभी असायची. आमच्या घरावरून तिच्या हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता दिसतो, हे त्या घराचं मला न आवडणारं एकमेव वैशिष्ट्य.

आमच्या धंद्यात कोण किती चांगला हे पेशंट ठरवत नाहीत. डॉक्टर स्वतः टेबलावर आडवा व्हायची वेळ येते, तेव्हा तो कुणाला बोलावतो त्यावर ते ठरतं. बाकी सगळी तोंडदेखली स्तुती. २००७ साली मैथिलीवर ती वेळ आली. तिच्या पोटात गाठ निघाली. सोनोग्राफीत ती दिसत होती, पण साधी की वाईट हे पोट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं, मुंबईला जा. ती म्हणाली, मुंबईत मी कॉटचा नंबर होईन, मला माझ्या टेबलावर झोपायचंय. कोल्हापूरचे एक ज्येष्ठ सर्जन येऊन ऑपरेशन करणार असं ठरलं. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो.

सुई कोण देणार, हे विचारायची मला गरज वाटली नाही. नऊ वर्षं मी टेबलाच्या एका टोकाला आणि ती मधे. दिवसभर वाकून उभं राहून तिची कंबर कशी एका बाजूला कलली आहे, थकली की ती डावा पाय स्टुलावर कसा ठेवते, पाठीवर कुठे हात दाबते, हे मी रोज बघितलेलं. तिच्या मणक्यांमधली फट मी डोळे मिटून शोधली असती. फोनची वाट बघत राहिले. फोन आला नाही. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं तेव्हा साळवी सिस्टर बाजारात भेटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडमनी निनाद सरांना सांगितलंन आहे."

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला तिच्या गाठीचा विसर पडला. नवरा म्हणाला, "अगं, तिची पाठ आहे, तिने ठरवायचं." मी त्याच्याशीही बोलायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैथिली स्वतः चालत घरी आली. पडवीतच बसली आणि म्हणाली, "चहा टाक."

"निनादला सांग."

"कळलं वाटतं."

"गावाला कळलं. मला सगळ्यांच्या शेवटी."

"अगो सुलू, सुई कोणीही देईल."

नऊ वर्षांच्या माझ्या कामाचा एका वाक्यात निकाल लागला. मी उठून आत जायला निघाले, तशी तिने माझा पदर धरला.

"बस. ऐकून घे, मग भांड. पोट उघडलं की काय निघेल ते ठाऊक नाही. वाईट निघालं तर सर गोड बोलतील. निनाद 'मॅडम, रिलॅक्स' म्हणेल. बाहेर नवरा बसलेला असेल. सगळे मिळून ठरवतील, हिला दोन दिवस सांगू नका. मी स्वतः लोकांच्या बायकांना हेच केलंय. मला ते नकोय. मला तिथल्या तिथे कळायला हवं. तू उशाशी बसायचं, पडद्यावरून बघायचं आणि दिसेल ते मला सांगायचं."

"मग सुईही मी देते आणि उशाशीही बसते. रोज तेच करते ना?"

"म्हणूनच नको. सुई हातात घेतलीस की तू डॉक्टर होतेस. माझी नाडी, माझं प्रेशर सांभाळायला लागशील, आणि तुझं तोंड आपोआप चालू होईल. 'झालंच हं, सगळं छान.' पडद्याच्या पलीकडून नऊ वर्षं ऐकतेय मी ते."

मी म्हटलं, "पण मीच का? तुझी बहीण आहे की पुण्याला, तीही डॉक्टर आहे."

"ती आधी रडेल आणि मग खोटं बोलेल. तिला माझी दया येते. तुला नाही येत." मग अगदी साधेपणाने, औषधाचं नाव सांगावं तसं ती म्हणाली, "तू माझ्यावर जळतेस."

मी म्हटलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या आंब्याच्या पेटीपासून. आता टाक चहा."

मी चहा टाकला. नाही म्हणाले नाही. कपबश्या मात्र रोजच्याच काढल्या, पाहुण्यांच्या नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरात गेले तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. ग्लोव्हज नाहीत, सुई नाही. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मैथिली टेबलावर वाकून बसली होती आणि तिची उघडी पाठ दिव्याखाली होती. मला वाटलं होतं तशीच, डावीकडे जराशी कललेली. माझे अंगठे शिवशिवले. निनादने फट शोधली. मी असते तर त्याच्या वरची घेतली असती, असं मला वाटलं. त्याने सुई घातली. ती पुढे सरकत होती तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं, की ह्याचा एकदा तरी हाडावर अडू दे हात. मैथिलीची पाठ होती तरी मनात आलं. अडला नाही. थेंब लगेच आला, नितळ, आणि तो मी माझ्याच हातून आला असता तसा बघितला.

तिला झोपेचं औषध द्यायचं नाही, हे तिने निनादकडून कबूल करून घेतलं होतं. पडदा लागला. मी उशाशी स्टूल ओढून बसले. सरांनी पोट उघडलं. त्यांचं बोलणं चालू होतं, कोल्हापूरचा रस्ता, आंबा घाटातलं धुकं. मग बोलणं थांबलं. मैथिलीचे डोळे माझ्याकडे वळले. मी उठून पडद्यावरून वाकून बघितलं.

गाठीचा वरचा भाग फुलकोबीसारखा खडबडीत होता. आणि आतड्यांवर जो चरबीचा पडदा असतो, त्यावर साबुदाण्यासारखे दाणे विखुरलेले होते. अशी पोटं मी पाहिली होती. सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू नकाराची मान हलवली. मग मोठ्याने म्हणाले, "साधीच दिसतेय हो मॅडम. काळजी नको."

"सुलू," मैथिली म्हणाली.

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. सगळं छान आहे हं. इतक्या वेळा म्हटलेलं, की त्याला विचार करावा लागत नाही. मी ते गिळलं. खाली बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "मैथिली, चांगलं नाही दिसत."

निनादने मॉनिटरकडे बघितलं. तिची नाडी पळाली, आणि मग थोडी खाली आली.

"कुठे?"

"उजव्या अंडाशयावर. आतड्यांवरच्या पडद्यावरही दाणे आहेत."

"यकृत?"

"ते मला इथून दिसत नाही. सर, यकृत बघून सांगा."

सरांनी हात आत घालून वरपर्यंत फिरवला, आणि आता त्यांचा आवाज वेगळा होता, डॉक्टर डॉक्टरशी बोलतो तसा. "यकृत मऊ आहे. तिथे काही लागत नाही."

"मग निघेल तेवढं सगळं काढा सर," मैथिली म्हणाली. "हातचं राखू नका."

तपासणीचा रिपोर्ट मुंबईहून आला, त्यात आम्ही बघितलं तेच होतं. पुढची ट्रीटमेंट तिने मुंबईत घेतली. केस गेले, परत आले, ती परत आली. पुढे काही वर्षं तिने ऑपरेशनं केली, सगळी माझ्या भुलीवर नव्हेत. मग गाठीने परत डोकं वर काढलं आणि ती गेली. मैथिली नावाच्या त्या मुली आता कॉलेजात जात असतील. हे सगळं घडलं ते असं. पण मला आठवते ती त्या टेबलावरची मैथिली.

सर आपलं काम करत होते. चिमटे टेबलावर ठेवल्याचे आवाज येत होते. ती छताकडे बघत होती आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, कारण आडव्या माणसाचं पाणी तिकडेच जातं. मी ते कापसाने टिपत होते. तिचा छातीपासून खालचा सगळा देह निनादने बधिर केलेला, आणि वरच्या अर्ध्या देहाशी मी बसलेली. मग ती मान न वळवता म्हणाली, "आता तरी थांबलीस का गो जळायची?"

"नाही."

"अजून? आता माझ्याजवळ काय राहिलंय जळण्यासारखं?"

"पाठ त्याला दिलीस."

तिने माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग तिचा तो सगळ्या वॉर्डात ऐकू जाणारा आवाज. पोट उघडं असताना माणूस हसला की आतडी वर येतात.

"कोण हसवतंय पेशंटला?" सर ओरडले. "सगळं बाहेर येतंय इथे!"

निनाद घाबरला. "मॅडम, देऊ का थोडं झोपेचं?"

"खबरदार," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि त्याने ती आणखीच हसायला लागली. शेवटी सरांनी दोन्ही हात वर धरले आणि नुसते उभे राहिले. ती हसून थांबेपर्यंत त्या खोलीत कुणालाच काही करता येईना.